कडोदऱ्याची जपानी बाग

"दीडना आत जेवाले या हां आज. मंग वेध लागतीन," अनुजाची आई म्हणाली, आणि बशीत ओतलेला चहा माझ्या हातात तसाच राहिला. ती स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. काल गणपती गेले, त्या मिरवणुकीतला गुलाल अजून तिच्या कानामागे होता आणि माझ्या कानात ढोल. मी म्हटलं, कसले वेध? "गऱ्हान शे ना चंद्रले," ती म्हणाली, आज मंगळवार आहे म्हणावं इतक्या सहज. "दारामांगे क्यालेंडर टांगेल शे. कधी पाहतस का तुम्ही?" मी उठलो, दार लोटलं आणि पाहिलं. सोळा सप्टेंबरच्या चौकोनात पौर्णिमेचं गोल चिन्ह होतं आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, खग्रास चंद्रग्रहण, स्पर्श रात्री साडेदहानंतर, वेध दुपारी दीडपासून. जानेवारीपासून तिथंच छापलेलं होतं, कुणी लपवलं नव्हतं. हातातली बशी कलंडली आणि चहा लेंग्यावर सांडला. आज संध्याकाळी सात वाजता आमच्या मिलच्या बागेत चंद्र पाहायचा समारंभ होता. लूम, म्हणजे कापड विणायचे माग, बनवणाऱ्या जपानी कंपनीचे जुने बडे साहेब त्यासाठी येऊन राहिले होते, शेठनी सुरतेतली तीस-पस्तीस बडी घरं बोलावली होती, मांडववाला, जेवणवाला, सगळं ठरलं होतं. आणि वेध लागलेल्या संध्याकाळी यांतलं कोणतं घर बाहेर जाऊन पाण्याचा घोट तरी घेणार होतं? तारीख कुणी दिली होती? मी.

तारीख मी दिली होती हे सांगताना अजूनही माझी मान आपोआप ताठ होते, काय करू. जूनमधली गोष्ट. इशिदासाहेब म्हणजे त्या कंपनीचा इंजिनीअर, लूम बसवायला आला आणि तीन वर्षं आमच्या गेस्ट हाऊसवरच राहिला. चांगला माणूस. मोडकं हिंदी बोलायचा, ऊन उतरलं की बागेत येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसायचा. त्या दिवशी म्हणाला, आमच्याकडे आठव्या महिन्याच्या पूर्ण चंद्राला सगळे बाहेर बसतात, गवताचे तुरे ठेवतात, तांदळाच्या पिठाचे पंधरा गोळे रचतात आणि चंद्राकडे बघतात. बस, एवढंच करतात. बडे साहेब येणार आहेत, त्या दिवशी ही बाग त्यांना दाखवायची; पण दिवस कोणता येईल ते जपानला विचारावं लागेल. मी म्हटलं, जपानला कशाला? वर पाहिलं, अष्टमीच्या पुढचा चंद्र होता, बोटांच्या पेरांवर मोजत गेलो, हा महिना, पुढचा, त्याच्या पुढचा, गणपती बसतील, गणपती जातील, त्याच्या दुसऱ्या दिवशी. "सोला सितंबर," मी म्हटलं. दोन दिवसांनी जपानहून फोन आला, तारीख तीच! इशिदासाहेबानं माझा हात धरून हलवला आणि अख्ख्या मिलमध्ये सांगत सुटला की शालिग्राम-सान, म्हणजे आपले शालिग्रामभाई, कागद न बघता चंद्र मोजतो. मीही मग दहा ठिकाणी सांगितलं. मी काही कॅलेंडर बघणारा माणूस नाही. माझा बाप बांधावर झोपून तिथी सांगायचा, मीही सांगतो. फक्त एवढंच की आकाशाकडे बघून पौर्णिमा कळते, ग्रहण कळत नाही. ते पंचांगवाल्यालाच कळतं. हे मला बावन्नाव्या वर्षी, लेंग्यावर चहा सांडल्यावर समजलं.

आमच्या पर्वत पाटियाच्या वस्तीतून मिलकडे, कडोदऱ्याला, जाणाऱ्या टेम्पोत बसलो तेव्हा मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या घालत होतो की शेजारच्यानं दोनदा वळून पाहिलं. मी मोठ्यानं पुटपुटत असेन. अठ्ठावीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, कान गेलेले असतात. अमळनेरकडून आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, अंगावर एक सदरा आणि उखा नावाच्या गाववाल्यानं दिलेली चिठ्ठी. लूमवर लागलो. चार लूम एकट्यानं चालवायचो, सहासुद्धा चालवले आहेत, तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचो. आणि मग हे जपानी लूम आले, पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे. धोटा नाही, काही नाही, बारीक पिचकारी सुटते आणि धागा इकडून तिकडे. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा वाटलं, आता शालिग्रामचं काय काम? काही नव्हतंच. निम्मे लोक घरी गेले, मला जुना म्हणून ठेवला आणि गेस्ट हाऊसच्या मागच्या पडीक जागेत नळी हातात देऊन उभा केला. गवताला पाणी घाल. अठ्ठावीस वर्षं लूम चालवलेल्या माणसाच्या हातात नळी! अनुजाच्या आईला महिनाभर सांगितलं नाही, रोज डबा घेऊन कामाला जातो तसा जायचो आणि संध्याकाळी कपड्यांना चिखल का, असं तिनं विचारलं की म्हणायचो, पाण्याचे लूम आहेत ना. तिला सगळं माहीत होतं, हेही मला नंतर कळलं.

तर तिथं ही बाग झाली. शेठ जपानला जाऊन आले, तिथली एक बाग त्यांच्या मनात भरली, आल्याआल्या म्हणाले, आपल्याकडे अशी पाहिजे. मुंबईहून एक आर्किटेक्ट आणला. तो आला, छत्रीखाली उभा राहून नारळपाणी प्यायला, एक कागद देऊन गेला. कागदावर तळं होतं, पूल होता, आणि दगडांच्या जागी पाच वाटोळे गोल काढले होते. बटाटे ठेवायचेत की काय! मी तो कागद घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवला, तो अजून तिथंच आहे. इशिदासाहेबाकडे तीन फोटो होते, त्याच्या गावाकडच्या देवळामागच्या बागेचे. ते मी रोज बघायचो. बघता बघता मला कळलं की यातला एकही दगड ठेवलेला नाही, सगळे रुजलेले आहेत. माझा बाप बांधाचा दगड असाच पुरायचा, एक भाग वर तर दोन भाग खाली, आणि पुरल्यावर त्याला पाठ टेकून बसून बघायचा, हलतो का. मग मी मांडवीकडून तापीचे गोटे आणले, एकेक स्वतः निवडून, ट्रॅक्टरवाला कंटाळून निघून जायचा इतका वेळ लावून. दगा म्हणून आमच्याकडचाच एक जुना माळी होता, तो आणि मी पहारीनं दगड फिरवायचो, त्याचं तोंड कुठं आहे ते सापडेपर्यंत. फोटोतली चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं इकडे जगेनात, म्हणून सुरूची रोपं लावून तारेनं वाकवली, वारा एकाच बाजूनं लागल्यासारखी. दगडी दिवा हवा होता, तो पांडुरंग पाथरवटानं जुन्या जात्यांच्या तळ्या एकावर एक रचून केला. पांढऱ्या खडीवर ओळी ओढायला फोटोत काहीतरी लाकडी अवजार होतं. मी गावाकडून दंताळं मागवलं. रोज सकाळी त्या ओळी मी ओढतो, पाय न पडू देता मागे मागे सरकत. लूमवरच्या ताण्यासारख्या सरळ येतात. उगाच नाही म्हणत मी, सुरत जिल्ह्यात असं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही. म्हणू दे कुणी जमेल म्हणून, मी बघतो.

आणि समारंभाचं कार्ड आलं. जाड, मलईच्या रंगाचं, सोनेरी अक्षरं. त्यात बागेची रचना म्हणून त्या नारळपाणीवाल्याचं नाव. अनुजानं मला वाचून दाखवलं, एफ. वाय.ला आहे ती, इंग्रजी झरझर वाचते. नाव वाचून झाल्यावर थांबली आणि म्हणाली, पप्पा, आ तो खोटुं छे. मी हसून घालवलं. दुसऱ्या दिवशी योगेंद्रभाईंना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, विचारलं. ते काही वाईट नाहीत, पण शेठच्या शब्दापुढे त्यांना स्वतःचा शब्द नाही. म्हणाले, "शालिग्रामभाई, समजो ने. जापानवाळाने एम थोडुं कहेवाय के माळीए बनाव्यो?" मी समजलो, माळ्यानं बाग केली असं जपानवाल्यांना सांगायचं नव्हतं. समजून घरी आलो आणि रात्री जेवलो नाही. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती, ती सरळ सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पगारवाढ नको, सत्काराचा नारळ नको. ज्यानं खऱ्या बागा पाहिल्यात अशा एका जाणत्या माणसानं ही बघून म्हणावं की हो, ही बाग आहे. आणि हे म्हणताना त्याला माहीत असावं की ती शालिग्रामनं केली. आयुष्यात दुसरं मोठं असं काही माझ्या हातून झालेलं नाही, बावन्न वर्षांत हेच एक झालं. आणि त्याच संध्याकाळवर मी माझ्या हातानं ग्रहण आणून ठेवलं होतं.

फाटकाशीच योगेंद्रभाई भेटले, तोंड लालेलाल. सकाळी सातपासून फोन वाजत होते. अमुक शेठाणी येणार नाहीत, तमुक काका येणार नाहीत, जेवणवाल्याच्या आचाऱ्यानंच सांगितलं की दीडनंतर चुलीला हात लावणार नाही. आमच्या शेठची आई हवेलीत, म्हणजे त्यांच्या कृष्णाच्या देवळात, जाणारी, पक्की वैष्णव. तिनं सुनेला सांगितलं, आज घराबाहेर पाऊल नाही. "ग्रहण छे, ग्रहण! आ तारीख कोणे आपी?" योगेंद्रभाई ओरडले. मागे दगा उभा होता, दोन चौकीदार होते, आणि सगळ्यांना माहीत होतं कुणी दिली, मीच तर गावभर सांगितलं होतं. "मी," मी म्हटलं. "मैंने." त्यांनी कपाळावर हात मारला. तारीख पुढे ढकलता येत नव्हती, बडे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुंबईला जाणार होते, तिथून विमान. शेवटी असं ठरलं की शेठ दहा मिनिटं येतील, हात जोडतील आणि जातील, योगेंद्रभाई थांबतील, खुर्च्या काढून टाकायच्या, चहा गेस्ट हाऊसमध्ये होईल. आणि ते तांदळाचे गोळे? इशिदासाहेब बिचारा तेवढंच विचारत होता. गोळे जेवणवाल्याकडून येणार होते, आता कोण करणार? मी चौकीतून आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला, अनुजाच्या आईला बोलवायला सांगितलं. माझ्यापाशी तोंड नव्हतं, तरी म्हटलं. तिनं ऐकून घेतलं, घड्याळात किती वाजले ते विचारलं आणि म्हणाली, "साडेनऊ ना? मंग व्हई जाई. वेध लागानं पहिले करी ठेवसू." एवढंच. माझ्या चुकीबद्दल अवाक्षर नाही. बरं झालं असतं बोलली असती तर.

दिवसभर मी बागेतच होतो. कालव्याच्या कडेचं पांढऱ्या तुऱ्यांचं गवत कापून आणलं, मातीच्या मोठ्या हंडीत उभं केलं. खडीवर ओळी दोनदा ओढल्या. पहिल्यांदा मधली एक ओळ वाकडी आली होती. आभाळ भरून येत होतं आणि जात होतं. मनात एक विचार सारखा येत होता, चांगला नव्हता, पण येत होता. कुणी येणार नाही म्हणजे तो आर्किटेक्टही येणार नाही. आला असता तर त्याला पुढे उभं केलं असतं, त्यानं खोटं खोटं हात हलवून सांगितलं असतं आणि मी नळापाशी पाठ करून उभा राहिलो असतो. आता तिथं जपानचे ते म्हातारेबुवा, म्हणजे बडे साहेब, असतील, इशिदा असेल, योगेंद्रभाई असतील आणि मी. कुणाला तरी विचारावंच लागेल ना! म्हणजे माझ्या मूर्खपणानंच मैदान रिकामं केलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मी तिथंच एकटा हसलो, आणि दगानं विचारलं, काय झालं, तर म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

साडेसहाला दोघी आल्या, माय-लेकी. अनुजाच्या आईनं लग्नाच्या वेळची जांभळी साडी नेसली होती, हातात स्टीलचा डबा, त्यावर फडकं. डबा उघडला तर पंधरा गोळे, पांढरेशुभ्र, लिंबाएवढे, आणि प्रत्येकावर एकेक तुळशीचं पान. पान कशाला, मी म्हटलं, त्यांच्याकडे नसतं असं. "त्यासना नसू दे. आपला दोष नको," ती म्हणाली. वेधाआधी शिजवून ठेवलेल्या अन्नावर तुळस ठेवली म्हणजे ते बाटत नाही, हे आमच्याकडचं. इशिदासाहेबानं ते बघितलं आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही हातांनी एकेक गोळा पान न हलवता लाकडी पाटावर रचला, खाली नऊ, वर चार, त्यावर दोन. शेठ आले, ठरल्याप्रमाणे हात जोडले, बड्या साहेबांना हार घातला, घड्याळ बघितलं आणि गेले. गाडीचा आवाज फाटकाबाहेर गेला आणि बाग एकदम शांत झाली. लांबून लूमच्या हॉलचा आवाज येत होता तेवढाच. मला तोही नीट येत नाही.

म्हातारेबुवा ऐंशीच्या पुढचे असतील. बुटके, काठी, डोक्यावर कापडी टोपी. मी सुरूच्या झाडापाशी उभा होतो, हात पाठीमागे. लग्नाच्या मुलीला बघायला पाहुणे आलेत आणि मी मुलीचा बाप आहे असं झालं होतं. ते पुलावरून आले. दगडी दिव्यापाशी थांबले नाहीत. पांडुरंगनं आठ दिवस घासलेला दिवा, नजरसुद्धा नाही! मला राग आला. खडीच्या कडेला आले, ओळींकडे बघितलं, मान किंचित हलवली. किंचित. मी ती मान मनात धरून ठेवली. मोठ्या दगडापाशी, ज्याचं तोंड शोधायला दगाला आणि मला चार दिवस लागले होते, तिथं ते थांबले, काठीनं त्याच्या बुडाशी माती दाबून बघितली, माझा बाप बघायचा तशीच, आणि इशिदाला काहीतरी म्हणाले. इशिदानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. आता सांगतो मी तुम्हाला, त्या एका भुवईवर मी पुढची दहा वर्षं जगलो असतो. पण ते पुढे गेले. तळ्याच्या कडेला, खालच्या अंगाला एक सपाट दगड आहे, बसका, पाण्याला लागून. तिथं ते आले आणि कुणी हात द्यायच्या आत त्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. चंद्र मिलच्या भिंतीवरून वर आला होता, तांबूस, मोठा, आणि ढग बाजूला झाले होते. म्हातारेबुवा तसेच बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. योगेंद्रभाई चुळबुळ करायला लागले. अनुजा आईच्या कानात म्हणाली, झोपले की काय?

मग ते बोलले, मान न वळवता. इशिदानं इंग्रजीत सांगितलं, आणि अनुजा माझ्याजवळ सरकून मराठीत सांगू लागली. "पप्पा, ते विचारतात, हा दगड इथं कुणी ठेवला? म्हणतात, बाकीची बाग चांगली आहे, मेहनतीची आहे, पण उभं राहून केलेली आहे. हा दगड मात्र बसून ठेवलेला आहे. म्हणतात, दमलेल्या माणसानं ठेवलाय. चाळीस वर्षांत असा दगड त्यांनी तीनदाच पाहिला." योगेंद्रभाई लगेच पुढे झाले, "बॉम्बे आर्किटेक्ट, सर, व्हेरी फेमस." म्हातारेबुवांनी ऐकलं आणि म्हणाले, मग त्यांना बोलवा, मला त्यांना भेटायचं आहे. योगेंद्रभाई रुमाल काढून कपाळ पुसायला लागले. तेव्हा इशिदाचे कान लाल झाले, तो तीन वर्षं गप्प बसला होता, शेठच्या घरचं अन्न खात होता, आणि तो जपानीत काहीतरी बोलला, मोठं वाक्य, आणि त्यात शालिग्राम-सान असं दोनदा आलं. म्हातारेबुवा काठी टेकून उठले. माझ्याकडे वळले. आणि कमरेत वाकले. मी चौकीदारापासून शेठपर्यंत सगळ्यांना नमस्कार घालत आलो, मला कुणी असं वाकून कधी केलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं. अनुजाच्या आईकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून माझ्याकडे अशी बघत होती की मी राजा झालो होतो. म्हातारेबुवा पुन्हा बसले, बाजूला सरकले आणि दगडावर तळहात थोपटला. या, बसा.

मी बसलो. त्या दगडावर मी त्याआधी कधीही बसलो नव्हतो. तिथून खडी दिसत नव्हती, पूल दिसत नव्हता, माझं काहीएक दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त पाणी, त्यात सुरूची एक फांदी आणि त्या फांदीखाली चंद्र. जपून आणून ठेवल्यासारखा. पूर्ण होता, ग्रहण लागायला अजून अवकाश होता. आणि मला ती दुपार आठवली, जी मी कुणाला सांगितली नव्हती, तुम्हालाही नाही. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सगळे दगड बसवून झाले होते, हा एक उरला होता, बसका, बिनतोंडाचा. तो मी परत पाठवणार होतो. अनुजाची आई भाकरी घेऊन आली होती, पर्वत पाटियाहून उन्हात, टेम्पो बंद होते म्हणून निम्मी वाट पायी. मी गेस्ट हाऊसच्या ओट्यावर जेवत होतो, परत आलो तर हिनं दगाला हाताशी धरून, स्वतः पहार घालून दगड पाण्याला लावला होता आणि त्यावर बसून तळ्यात पाय सोडले होते. मी केवढा भडकलो! दगासमोर ओरडलो, बाग आहे का धोबीघाट, तुला काय कळतं यातलं. ती म्हणाली, "तठे बठीसन पहा ना एकदाव." मी बसलो नाही. दगड परत काढायला तीन माणसं लागली असती, म्हणून राहिला. ती उठून डबा विसळायला गेली. त्यानंतर ती बागेत आज आली होती.

म्हातारेबुवा पाण्याकडे बघत होते. कुणी काही विचारत नव्हतं. इशिदाला माहीत नव्हतं, अनुजाला माहीत नव्हतं, दगा सांगणारा नव्हता. आणि ती तर सांगणारच नव्हती, तिच्या डोक्यातही नसेल. ती माझ्या बागेकडे बघत होती, नवऱ्याची बाग. मला हवं होतं ते मिळालं होतं. जाणता माणूस मिळाला होता, त्याचं वाकणं मिळालं होतं, नावानिशी. आता नुसतं गप्प बसायचं होतं. आर्किटेक्ट गप्पच तर बसला होता! त्यानं कुठं म्हटलं होतं की माझं नाव छापा? छापलं, तो गप्प बसला. त्या माणसाचा मला इतके दिवस आलेला राग एकदम माझ्याच अंगावर उलटला, आणि मी उठून उभा राहिलो.

"अनुजा, त्यांना सांग," मी म्हटलं, माझा आवाज फारच मोठा लागला असेल, योगेंद्रभाई दचकले. "बाग माझी आहे. तो मोठा दगड माझा, झाडं माझी, ओळी माझ्या. कुणी काही म्हणो, बाग मी केली. पण हा दगड माझा नाही. हा तुझ्या आईनं ठेवला. मी नको म्हणत होतो." अनुजानं वळून आईकडे पाहिलं. "सांग ना," मी म्हटलं. तिनं सांगितलं, इशिदानं सांगितलं. म्हातारेबुवा हळूहळू वळले आणि त्या जांभळ्या साडीकडे बघितलं, आणि पुन्हा उठले. आई मागे सरकली, डब्याचं झाकण तिच्या हातातून पडलं. "पप्पा," अनुजा म्हणाली, "नाव विचारतात."

नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते, बत्तीस वर्षांपूर्वी, दोन्हीकडची माणसं हसत असताना. नंतर अनुजाची आई, त्याआधी नुसतं ए, ऐकलं का. आमच्याकडे कुणी घेत नाही, माझ्या बापानं घेतलं नाही, मी त्याच्या तोंडून माझ्या आईचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. ती माझ्याकडे बघून मानेनंच नको नको म्हणत होती.

"प्रमिला," मी म्हटलं.

"आवो! लोकेसमोर काय नाव लेतस!" ती पुटपुटली आणि पदर कपाळापर्यंत ओढला. म्हातारेबुवा तिच्यासमोर वाकले, माझ्यासमोर वाकले होते त्याहून खाली, आणि चाचरत म्हणाले, "पुरामिरा-सान."

"प्रमिला," मी मोठ्यानं सांगितलं. आणि मग कुणी विचारलं नव्हतं, तरी आणखी एकदा.